काय सापडलं

गुनसानच्या बंदरावरचा वारा
आधी मासळीचा वास आणतो, मग मीठ, मग मुली.
सात पन्नास. मी फाटकावर.
एका हातात ओल्या टिश्यूंचं पाकीट,
दुसऱ्या हातात वही. तिच्यात तीन रकाने :
नाव, वर्ग, काय सापडलं.

नियम अकरावा म्हणतो,
चेहरा विद्यार्थिनीला शोभेलसा असावा.
कसा शोभतो ते लिहिलेलं नाही.
ते माझ्यावर सोपवलंय,
प्यो मॅडम, गृहविज्ञान, वय त्रेचाळीस.

मुली हुशार झाल्यात. आता कुणी थापत नाही.
वाटाण्याहून लहान क्रीमचा ठिपका
बोटांच्या उबेवर पातळ करून
कपाळावरून खाली उतरवलेला.
भुवईत दोन रेघा, दोनच केसांएवढ्या.
ओठांच्या मधोमध टिंटचा थेंब
कडेला पोचेतो विरलेला,
जणू येताना वाटेत तुती खाल्ली.
डिसेंबरात.

"काही लावलं नाही, मॅडम."
काही लावलं नाही असं दिसायला
काय काय लावावं लागतं
हे मला कुणी सांगायला नको.
मी पाच चाळीसला उठते
आणि झोप पूर्ण झालेल्या बाईचा चेहरा
वीस मिनिटांत तयार करते.

जप्त केलेलं शुक्रवारी परत देते.
खणात छत्तीस टिंट. फावल्या वेळात
त्यांच्या तारखा वाचत बसते.
एकीची मुदत गेल्या वर्षीच संपलेली.
चिठ्ठी चिकटवली : फेकून दे, ओठ सोलतील.
एकीचा रंग पर्सिमॉनचा.
तो मी मनगटावर लावून पाहिला,
बाही खाली ओढली आणि तासाला गेले.

सोमवारी तान्बी आली, दुसरीच्या तिसऱ्या तुकडीतली.
गाल लालबुंद.
"ब्लशर," मी म्हटलं, आणि पुसलं.
टिश्यू पांढरा.
पुन्हा पुसलं, जोर लावून.
टिश्यू पांढराच. गाल मात्र आणखी लाल.
तेव्हा दिसली मागे भिंतीला टेकलेली सायकल.
पुलापलीकडून आली होती पोरगी,
नऊ किलोमीटर, समोरून वारा.
रंगेहाथ पकडायला गेले
आणि हात कोराच राहिला.
आधी पुसायचं असतं, मग पुसायचं असतं.
मी क्रम चुकले.

ती रडली नाही. रागावली असती तरी चाललं असतं.
तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं, अगदी जवळून,
आणि हिवाळ्यातलं ऊन तिरपं येतं, काही झाकत नाही.
"मॅडम, डावीकडे, डोळ्याखाली फुटलंय."
बुटाची नाडी सुटलीय हे सांगावं तशा आवाजात.
ओहोटीनंतर चिखलाला तडे जातात
तसं काहीतरी तिला दिसत असणार.
मग स्वतःच्या डोळ्याखाली बोट टेकवून दाखवलं :
"अनामिकेनं. तिच्यात जोर कमी असतो.
ओढायचं नाही. नुसतं टेकवायचं."

चौथ्या तासाला धडा होता कपड्यांवरच्या डागांचा.
फळ्यावर लिहिलं : घासू नये. टिपावं.
कडेकडून आत यावं.
मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं,
"आणि मुरुम, मॅडम?"
हसू पिकलं. मी खडू ठेवला.
फोडू नका, म्हटलं. कोमट पाणी, दोनदा, बास.
मैत्रिणीचा पफ मैत्रिणीकडेच राहू द्या.
उन्हाची क्रीम ढगातही लावा.
रात्री सगळं उतरवा. कितीही दमलात तरी.
आणि पंधराव्या वर्षी गालावर छिद्रं दिसतात
कारण ती असतात.
सव्वीस जणी भराभर लिहून घेत होत्या.
शिवणाच्या टाक्यांचे प्रकार सांगताना
एकीनंही पेन उघडलं नव्हतं.
मीच तेवढी गप्प झाले,
'रात्री सगळं उतरवा' पाशी.

मंगळवार. सात पन्नास.
वारा तोच. पाकीट खिशात.
आज पाच चाळीसला उठले,
आरशासमोर बसले, अनामिकेनं टेकवत गेले,
आणि सहा मिनिटांत उठले.
कंटाळा आला म्हणा.

तान्बी सायकलवरून उतरली, वाकून नमस्कार केला,
थांबली, गाल पुढे करून.
मी वही उघडली.
नाव : तान्बी. वर्ग : दुसरी, तिसरी तुकडी.
काय सापडलं : वारा.

संध्याकाळी उपमुख्याध्यापकांनी
न वाचताच सही केली.