चौथ्या कडव्यानंतर

ॲम्ब्रोज पार्डी गेला, हे मला
बर्फ ढकलायच्या गाडीत कळलं, पहाटे साडेचारला.
रेडिओवरच्या मुलीनं त्याचं आडनाव चुकवलं
आणि त्याच दमात हवामान सांगितलं.
मी फाळ उचलला, गाडी कडेला घेतली.
एवढंच. रडले-बिडले नाही.
टिकल हार्बरची पोरं शाळेला निघायच्या आत
रस्ता मोकळा व्हायला हवा होता.

त्याची कॅसेट याच गाडीत असते.
त्याच्याच हातून घेतलेली, पेट्रोलपंपावर,
डिकीत बटाट्याच्या पोत्याला टेकून खोका होता.
पाच डॉलर, म्हणाला. माझ्याकडे चार.
"मग शेवटचं गाणं ऐकू नकोस," म्हणाला.
हसलासुद्धा नाही.
मी त्याच रात्री ऐकलं.

समुद्रावर गाणी करणाऱ्यांचा मला वीट आलाय.
आम्ही न्यूफाउंडलंडची माणसं, आम्हाला कशाला सांगता
लाटा केवढ्या असतात ते.
त्याच्या गाण्यात समुद्र खिडकीबाहेर असायचा
आणि आत कोणीतरी मोज्याची टाच विणत असायचं,
टाके चुकले की उसवत.
आवाज म्हणाल तर काही खास नाही.
जिना चढून आलेल्या माणसाचा आवाज,
निरोप सांगायला आलेला, पण आधी श्वास घेतोय.
तिसऱ्या गाण्यात खुर्ची करकरते.
ती त्यानं तशीच राहू दिली.

दुसरी कॅसेट टोरांटोत केली. तीत ड्रम आहेत.
घरात कोणी बूट न काढता शिरावं, तसे.
ती मी एकदाच ऐकली.
तिच्याबद्दल त्याच्याशी भांडायचं राहून गेलं.

मासेमारी बंद झाली त्या वर्षी
ज्याला त्याला गाणं सुचत होतं: सरकार, शाप, रिकामी जाळी.
यानं एवढंच लिहिलं की एक माणूस
रोज तीनला उठतो, धक्क्यावर जातो,
होडीचं इंजिन चालू करतो,
दहा मिनिटं तसंच चालू ठेवतो,
बंद करून घरी येतो.
दोर सोडत नाही.

माझे वडील हेच करायचे.
सायलस कीपिंग, कोणाशी फार न बोलणारे.
पार्डीला कोणी सांगितलं? मी नाही.
आई म्हणायची, अगं, प्रत्येक धक्क्यावर एक असणारच.
असेल. पण गाण्यातला माणूस परतताना
पायरीवर बूट दोनदा आपटतो.
दोनदाच.

कॅसेटवर त्या गाण्याची चार कडवी आहेत.
पाचवं त्यानं एकदाच म्हटलं, आमच्या पॅरिश हॉलमध्ये,
वादळाची रात्र, आम्ही सगळे मिळून अकरा जण,
त्यातले दोघे हीटर बघायला आलेले.
ते कडवं बायकोचं होतं.
ती अंथरुणात पडून इंजिनाचा आवाज ऐकते,
आणि मग काहीतरी मोजते.
काय मोजते, ते मला आठवत नाही.
आई शेजारी होती. तिनं हातमोजे घातले, काढले,
परत घातले.

घरी येताना विचारलं तर म्हणाली,
पाठ झालंय मला.
म्हण ना, म्हटलं.
"तुला काय करायचंय," म्हणाली, आणि दिवा मालवला.
तिला जाऊन सहा वर्षं झाली.
तो परवा गेला.
हीटरवाल्या दोघांना विचारून पाहिलं;
त्यांना हीटर आठवतो.

चौथं कडवं संपलं की कॅसेटवर
गिटार एकटीच वाजत राहते,
बरोबर एका कडव्याएवढी.
मी मोजलंय: चर्चच्या कोपऱ्यापासून
बंद पडलेल्या मासळीच्या कारखान्याच्या फाटकापर्यंत.
तेवढ्यात मी फाळ खाली टेकवत नाही.
फार खरखर होते.

मग टाउन ऑफिसातून फोन येतो:
व्हर्ना, तो तेवढाच तुकडा दरवेळी राहतो कसा?
मी म्हणते, बघते.
कॅसेट बंद करते,
गाडी वळवून परत जाते,
आणि साफ करते.