लेखकाला तुम्ही ओळखता का

व्हर्नर शनिवारी आला. बूट दाराबाहेरच काढले,
न सांगता काढले, याची मी नोंद घेतली.
हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला, धुरी दिलेला मासा
आणि पुस्तक.
‘राग येण्याआधीची सात मिनिटं’.
मुखपृष्ठावर डुलुथचा उचलपूल, अर्धा वर गेलेला.
सव्वीस वर्षं त्या पुलाच्या खोलीत बसून
हा माणूस खनिजाची जहाजं आत घेत होता.
खाली अडलेल्या गाड्या हॉर्न वाजवायच्या
आणि वर याला, म्हणे, सुचत गेलं.

पदरचे पैसे घालून दोनशे प्रती छापल्यात.
एकशे एकोणसत्तर गॅरेजमध्ये आहेत, बर्फ काढायच्या यंत्रावर.

“मार्लिस, पन्नास लागतात,” तो म्हणाला,
“पन्नास अभिप्राय झाले की साइट आपणहून
परक्या लोकांना पुस्तक दाखवू लागते.
माझे बारा झालेत.”

ते बारा मी वाचले होते.
दातांच्या डॉक्टरनं पाच तारे दिलेत,
व्हर्नरची दाढ तेव्हा त्याच्या चिमट्यात असावी.
पास्टर हालवर्सन लिहितात, समाजाला गरज आहे.
कसली, ते लिहीत नाहीत.
थंडर बेची चुलतबहीण: अजून वाचलं नाही, कागद छान आहे.
आणि कुणी एक अनोळखी, एक तारा:
खोकं ओलं आलं.
त्या एका ताऱ्यापायी व्हर्नर तीन रात्री जागा होता.
सात मिनिटं किती वेळा मोजलीस, हे मी विचारलं नाही.

“खरं तेच लिही,” जाताना म्हणाला,
आणि मग वाकून नाडी बांधता बांधता,
“पण चारच्या खाली नको.”

रात्री वाचलं. बरं लिहितो.
पान त्रेसष्टवर ‘माझ्या जवळची एक व्यक्ती’
सिंकपाशी उभी आहे. निळा वाडगा आहे.
त्याच्या पुस्तकात तो वाडगा हातातून निसटतो.

माझ्या स्वयंपाकघरात तो निसटला नव्हता.
भिंतीचा टवका मी दोनदा रंगवून घेतला,
तिरपं ऊन आलं की अजून दिसतो.

पण पुढच्या पानावर त्यानं लिहिलंय
की त्या रात्री तो पुलावर गेला, पाळी नसताना,
आणि काचेशी उभा राहून एकपासून चारशे वीसपर्यंत मोजलं,
पुन्हा मोजलं, पुन्हा,
आणि घरी आला तेव्हा तिनं तुकडे भरून ठेवले होते.

हे मला माहीत नव्हतं.
मला वाटलं, प्यायला गेला.
अकरा वर्षं मी तेच धरून बसले होते.

रविवारी दुपारी संगणक उघडला.
आधी तारे विचारतात. पाच, पोकळ.
बाण वर नेला की पिवळे होतात, काढला की विझतात.
कितीतरी वेळ मी नुसता बाण फिरवत राहिले.
तीन. पाच. एक. तीन.
लिहिलं: पुस्तक उपयोगी आहे.
लेखकाला ते आधी सुचायला हवं होतं.
दुसरं वाक्य खोडलं.
तर एकटं पडलेलं पहिलं खोटं दिसायला लागलं.
दोन्ही परत लिहिली.

खाली बारीक अक्षरांत एक चौकट:
लेखकाला तुम्ही व्यक्तिशः ओळखता का?
ओळखत असाल तर अभिप्राय धरला जाणार नाही.

बाहेर जहाजानं भोंगा दिला, एक लांब, एक आखूड.
पुलानं तसंच उत्तर दिलं.
आता तिथं कुणी तरुण मुलगी बसते.

मी मासा सोडवला, काटे काढत बसले.
तोवर पडदा आपोआप काळा झाला होता.
हात लागला तशी चौकट पुन्हा तिथंच,
‘हो’ आणि ‘नाही’, दोन रिकामे गोल.

मासा चांगला होता, मीठ जरा जास्त.
तेवढं मी फोन करून त्याला सांगितलं.