कुसमळी ब्रिज, एक

गुरुवारी मशीन झाकून ठेवते.
गिऱ्हाइकांना सांगितलंय, मोटार बिघडलीय.
दोन वर्षं झाली,
मोटार दर गुरुवारी बिघडते.

सीबीटीवर पाट्या कानडीत.
मला वाचता येत नाही, पण शिवण ओळखते:
जांबोटीच्या पाटीवर सुरुवातीलाच एक टिचबटण असतं, पूर्ण गोल,
आणि शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर हूक.
बटण दिसलं, हूक दिसला की चढायचं.
एकदाच चुकले, तेव्हा पार गोकाकच्या रस्त्याला लागले होते.

उळवप्पा कंडक्टर आधार कार्ड बघतो, तिकीट फाडतो.
शून्य रुपये. कागद मात्र खरा.
"एल्लिगे, अक्का?"
"कुसमळी ब्रिज, एक."
पहिल्या खेपेला त्यानं मराठीत विचारलं होतं,
तिथं कोण हाय तुमचं?
कोण नाही, म्हटलं.
मग कशाला उतरताय?
कोण नाही म्हणूनच की.
आता तो विचारत नाही. पुलाच्या अलीकडं
आपणहून दोरी ओढतो.

मलप्रभा इथं अजून लहान आहे.
पुढं सौंदत्तीकडं धरणात जाऊन थोरली बाई होईल,
इथं पोटरीएवढं पाणी,
प्रत्येक गोट्याला विचारून वळणारं.
कापलेल्या भाताच्या धसांतून मसूर वर आलेला,
काठावर पांढरट शाडू, पायाला थंड लागतो,
बोटांच्या फटीत येतो.
वहाणा पिशवीत. भाकरी, शेंगाचटणी,
आणि शिंप्याचा खडू, तो पिशवीत असतोच,
काढला तरी कोपऱ्यात चुरा राहतो.

एकेचाळीस वर्षं लोकांची मापं घेतली.
सवयीनं नदीचीही घेते:
पुलाखाली कंबर अठ्ठावीस पावलं,
वरच्या अंगाला, दोन खडक जवळ येतात तिथं,
मान सहा.
उन्हाळ्यात उतरते बिचारी,
बाळंतपणानंतर चोळ्या आत घेतात तशी
मापं आत घ्यावी लागतात.

जिथून परत फिरते तिथं एक रेघ मारते.
मोरीच्या कठड्यावर,
मग ऐनाच्या बुंध्यावर,
मग म्हशी डुंबतात त्या काळ्या फत्तरावर.
कापड कापायच्या आधी मारतात तशी, हलकी,
झटकली की जाणारी.
दर गुरुवारी थोडी पुढं.
हब्बनहट्टीचा मारुती अजून लांब आहे,
गुडघा म्हणतो, माघात बघू.

गेल्या महिन्यात फत्तराशी गेले
तर माझ्या रेघेशेजारी दुसरी रेघ.
तांबडी. कौलाच्या खापरीनं ओढलेली,
जरा वाकडी, पण माझ्याएवढीच लांब.

इकडं तिकडं बघितलं.
पलीकडच्या काठाला एक म्हैस, तिच्या पाठीवर बगळा.
कुणीतरी मसुरीत खोकलं, की मला वाटलं.
गुराखी पोर असेल.
की ती बाई, जी तिसऱ्या गुरुवारी
बसमध्ये माझ्या मांडीवर लाह्यांचं पुडकं ठेवून
कानडीत बरंच काही बोलली,
आणि मी सगळ्याला हौद, हौद म्हणत राहिले?

मी खाली बसले. भाकरी खाल्ली.
निम्मी ठेवली फत्तरावर. मग वाटलं, कावळा नेईल,
तर त्याच्यावर दगड ठेवला.
मग दगड बघून कोण काय समजेल म्हणून काढला.
असं दोनदा झालं.

पाच दहाची गाडी जवळजवळ चुकली.
उळवप्पानं थांबवली होती,
ड्रायव्हर काचेतून शिव्या घालत होता,
मला न कळणाऱ्या, त्यामुळं फारशा लागल्या नाहीत.
खिडकीशी बसून शून्याचं तिकीट घडी घालत राहिले.
घरी अशी ऐंशीएक झालीत. टाचण्या टोचून ठेवते त्यांत.

येत्या गुरुवारी दोन खडू नेणार आहे.
एक फत्तराच्या खाचेत ठेवून येईन, पांढरा.
निळा द्यावा का?
निळा धुतला तरी लवकर जात नाही.

शुक्रवारी पाटलीणबाईंची चार पोलकी द्यायची आहेत.
अजून काजं बाकी आहेत.