टाकीचा रंग

नेहेत्यांच्या शेडमध्ये भट्टी दोनशे अंशांवर,
बाहेर जळगावचा मे, तिच्याशी पैज लावून बसलेला.
"चेसिसला पावडरच मार, भो.
पण नंबरावर टेप लाव.
पावडर आकडे गिळते,
मग आरटीओत काय दाखवशील?"

चेसिस, स्टँड, चेनकव्हर: काळं. ठरलं.

टाकी भट्टीत जाणार नाही,
पोचे पुट्टीने भरलेत, तापले की फुटतील.
तिला हातानेच रंग.
पॉलिश पेपर ओला करून घासत गेलो:
लाल, त्याखाली लाल, जरा विटका,
त्याखाली पुट्टी,
आणि पेट्रोलच्या झाकणाजवळ
टिचभर हिरवा.

येझदी विकणाऱ्या नबाब तडवींना
सावद्याला फोन लावला.
"हिरवी? कधीच नव्हती."
मग पलीकडे नुसता पंखा ऐकू येत राहिला.
"थांब. होती. लग्नाआधी.
केळीत उभी केली की दिसायची नाही.
हमीदा बांधावर डबा घेऊन फिरत राहायची.
तिनेच सांगितलं, लाल करा."

पुढचं मी विचारलं नाही,
त्यांनीही सांगितलं नाही.

पेंटरला म्हणालो, लाल.
त्याने कार्ड उघडून बोनेटवर पसरलं.
लाल अकरा होते.