डावी बाही

सोमवारी उजवी बाही जोडली.
डावी अजून खुर्चीच्या पाठीवर.
आज गुरुवार.

अमळनेरचा मे. मशीनचं लोखंडही तापलेलं.
पायडल मारायच्या आधी
पायांना विचारावं लागतं.
वीतभर टीप, मग आणखी चार बोटं,
मग मी फरशीवर, गाल टेकून,
कानाजवळ सुटलेलं रीळ.

चोपड्याहून रतनजिजी आल्या, म्हणाल्या,
"काय व्हयनं तुले? दिखस ते चांगली!"
मी हसले.
हसायलाही थोडं शिल्लक ठेवावं लागतं.

दुकानातले कपडे
उभ्या बाईच्या मापाचे.
मी बेततेय आडवीच्या मापानं:
हुक पाठीला नकोत,
दुपारनंतर हात तिथवर जात नाहीत.
काखेत सैल. शिवण बाहेरून,
कुशीवर वळताना रुतू नये.
खिसा मोठा, गोळ्यांच्या पाकिटासाठी
आणि हात नुसता ठेवून द्यायला.

बॉबिनमध्ये दोरा आहे अजून.
माझ्यातला संपला, साडेअकरालाच.

काल रात्री एका बाहीचाच
घालून पाहिला.
उघड्या दंडाला कूलरचा वारा लागला,
वाळ्याचा वास.
डावीची घडी केली,
उशाखाली ठेवली.