चार्ज

नेहरूनगरच्या टर्फवर मी पाणी मारत होतो,
तेव्हा मुदलियारसाहेबांनी चार्ज दिला.
स्टिका बेचाळीस, पैकी सहा तडकलेल्या.
किल्ल्या अकरा, एक कशाचीच नाही.
सही केली आणि
माझंच पेन खिशाला लावून निघाले.

नवे मॅनेजर तुंगारे
लॅपटॉप उघडून विचारतात,
गोलकीपर कितीला पडतो आपल्याला?

मी म्हटलं, बूट दहा नंबर,
उजवा गुडघा दुखरा,
आई खडकीच्या कारखान्यात रात्रपाळीला,
धाकटीला शाळेत सोडून येतो,
म्हणून उशीर.

त्यांनी रकाना शोधला. नव्हता.

संध्याकाळी ती अकरावी किल्ली
उगाच फिरवून पाहिली,
टाकीला, पत्र्याच्या कपाटाला.
मग जुडग्यातच राहू दिली.

गेटपाशी गाडीची काच खाली झाली:
उशीर म्हणजे, किती वाजतात त्याला?