भोकाची

मुत्राहच्या बाजारात, लुबानाच्या धुरात,
हमदानने थेलरांचा ढीग उपसला
आणि तळाशी ती निघाली.
केसांना फीत, गाल झिजलेला,
खाली सतराशे नव्याण्णव.
डोक्यावरच्या 'लिबर्टी'चं मधलं अक्षर
भोकात गेलेलं.
सूरकडच्या कुणा बाईने गळ्यात ओवली असेल.

कड नखाने चाचपली. अक्षरं होती.
फरशीवर वाजवली:
बंद्या रुपयासारखी खणखणली.

"हापण थेलरच," हमदान म्हणाला,
"भोकाचा. नुसत्या चांदीच्या भावाने घे."
काटा सव्वीस ग्रॅमवर थांबला.

अकरा वर्षं मी रिफायनरीत पाइपांची जाडी मोजतो,
पाव मिलिमीटर कमी भरली
तरी लाल शेरा मारतो.
तिथे मात्र
पैसे मोजले, शुक्रन म्हणालो, निघालो.
त्याने वर खजूर दिले, मूठभर.

रुवीच्या खोलीत एसीच्या घरघरीत
तिला भिंगाखाली धरलं.
फोनवर मृदुला: "काय घेतलंस?"
"चांदी. थोडीशी."

भोकात अजून काळ्या दोऱ्याचं सूत अडकलंय.
चिमटा उचलला,
पुन्हा ठेवला.

शनिवारी जाऊन सांगेन म्हणतो हमदानला.
आज तिसरा शनिवार.
खजूर संपले.